सर्वानुमते

साहित्यावर लिहायचा मला काही अधिकार नाही. मी पडलो बी.कॉम., त्यात बँकेतला कारकून. जन्मात टीका केली ती न जुळणाऱ्या सह्यांवर. पण परवा ऑडिटपूर्वी नजर टाका म्हणून सेक्रेटरींनी आमच्या सोसायटीचं मिनिट-बुक, शुद्ध मराठीत इतिवृत्त, माझ्या हाती दिलं आणि रात्री दीड वाजेपर्यंत ते माझ्याच्यानं खाली ठेववेना. इतकी कल्पनारम्य कलाकृती अलीकडे माझ्या वाचनात नाही.

परंपरा तशी जुनी. गावदेवीला सारस्वत मंडळींनी १९१५ साली सहकारी गृहनिर्माण संस्था काढली, त्याला शंभरावर वर्षं झाली. पुढे महाराष्ट्राचा १९६०चा सहकारी संस्था कायदा आला आणि या वाङ्मयाला राजाश्रय लाभला. आमच्या ग्रंथाची नांदी ठरलेली : 'गणसंख्येअभावी सभा अर्धा तास तहकूब करण्यात आली.' गंमत अशी, की अर्ध्या तासानं भरणाऱ्या त्याच सभेला गणसंख्या लागत नाही! म्हणजे साठ बिऱ्हाडांचं भवितव्य नऊ माणसं ठरवतात, त्यातली चार बटाटेवड्यांसाठी आलेली. (वडे कोपऱ्यावरचे. बरे असतात.)

शैली म्हणाल तर कर्त्याचा पत्ता नाही. कुणी काही करतच नाही, सगळं आपोआप 'करण्यात येतं'. पात्रं दोनच, सूचक आणि अनुमोदक. खलनायक एक, 'काही सभासद'. संयम तर वाखाणण्यासारखा. पार्किंगवरून दुसऱ्या मजल्यावरच्या आप्पांनी खजिनदारांवर चप्पल उगारली होती, मी डोळ्यांनी पाहिली. पुस्तकात तेवढंच : 'विषयावर सखोल चर्चा झाली.'

इथवर मी खूश होतो. मग सत्तेचाळिसावं पान आलं. 'घरकामास येणाऱ्या बायकांनी लिफ्टचा वापर करू नये. सर्वानुमते मंजूर.' खाली अनुमोदक म्हणून माझं नाव!

आता आठवतं ते असं, की मी हात वर केला होता तो वड्यांची बशी इकडे फिरवा म्हणून. पण खरं सांगायचं तर ठराव वाचला तेव्हा माझ्या कानांवर पडला होता. तोंडात वडा होता, आणि सेक्रेटरींशी वाईटपणा कोण घेणार?

दुसऱ्या दिवशी त्यांना गाठलं. म्हटलं, तेवढं नाव खोडा. ते म्हणाले, "अहो, इतिवृत्त कायम झालंय. आता पुढच्या वार्षिक सभेत मांडा विषय." म्हणजे सप्टेंबर.

आम्ही पाचव्या मजल्यावर राहतो. भांडी घासायला येणाऱ्या मावशींचे गुडघे गेलेत. सकाळी त्या दारात धापा टाकत उभ्या होत्या. मी म्हटलं, "मावशी, उद्यापासून मी खाली येतो, माझ्याबरोबर लिफ्टनं वर चला. बघू कोण अडवतंय."

"राहू द्या दादा," त्या पदरानं घाम पुसत म्हणाल्या. "तुम्ही चहा पिऊन खाली येईस्तोवर माझी भांडी घासून होतात."