आंतरक्रिया आणि तिणै : परिसंस्थेच्या अध्यापनाचे दोन आकृतिबंध

परिसंस्थेचे शिक्षण देणाऱ्या आंतरक्रियात्मक अंकीय साधनांचे परीक्षण आजवर बहुधा शिक्षणशास्त्राच्या अंगाने झाले आहे. संकल्पना विद्यार्थ्याला कितपत आकळली, एवढाच प्रश्न तेथे महत्त्वाचा ठरतो. परंतु स्थळ, काळ, पात्रे आणि घटना यांची मांडणी करणारी कोणतीही रचना ही एक संहिता असते, आणि ती आपल्या वाचकाला कोठे उभे करते, हे तपासणे साहित्यविचाराच्या कक्षेत येते. चेन्नईच्या संदर्भात या तपासणीला निराळे महत्त्व प्राप्त होते. निसर्ग आणि मानवी वर्तन यांना एकाच व्याकरणात गोवणारी तिणै-संकल्पना ही तमिळ काव्यशास्त्राची देणगी होय. आणि अड्यार खाडीकाठी पुनरुज्जीवित करून २०११मध्ये खुल्या केलेल्या पर्यावरण-उद्यानाला या संकल्पनेचा आद्य मीमांसक तोल्काप्पियर याचेच नाव देण्यात आले.

प्रथम दोन प्रातिनिधिक साधने पाहू. यूरी विलेन्स्की यांनी १९९९मध्ये सिद्ध केलेल्या 'नेटलोगो' या प्रणालीत लांडगे, मेंढ्या आणि गवत यांचे एक प्रसिद्ध प्रतिमान आहे. जननाचा दर किंवा गवत पुन्हा उगवण्याचा अवधी बदलला की संख्यांचे आलेख हेलकावे घेतात, क्वचित एखादी जात नष्टही होते. हार्वर्ड विद्यापीठात विकसित झालेल्या 'ईकोम्यूव्ह'मध्ये एका आभासी तळ्यातील मासे अचानक मरतात. विद्यार्थी पाण्याचे मापन करतो, पात्रांशी बोलतो, मागील दिवसांत जाऊन पाहतो आणि खत, शेवाळ, जिवाणू व घटता प्राणवायू ही कारणसाखळी जुळवतो. दूरचे आणि अदृश्य कारण दृश्य करण्याचे हे सामर्थ्य छापील पाठ्यपुस्तकाला सहसा साधत नाही, हे मान्य करावे लागेल.

तथापि या दोन्ही संहितांत काळ परतवता येतो आणि स्थळाला नकाशावरील पत्ता नाही. विद्यार्थी प्रतिमानाचा चालक असतो किंवा गूढाचा शोधक. परिसंस्थेचा घटक म्हणून त्याला भूमिका नाही. मेंढ्या संपल्या तर कळ दाबून पुन्हा आरंभ करता येतो. आंतरक्रिया घडते ती साधनाशी. परिसंस्थेशी असलेले विद्यार्थ्याचे स्वतःचे नाते तिच्या बाहेरच राहते.

तिणैची रचना याहून भिन्न आहे. तीत तीन स्तर मानले आहेत : 'मुदल्' म्हणजे भूमी आणि काळ, 'करु' म्हणजे तेथील वनस्पती, प्राणी, व्यवसाय, दैवते, आणि 'उरि' म्हणजे त्या भूमीला उचित मानवी भाव व वर्तन. कुरिंजीच्या डोंगरात मीलन, नेय्दलच्या किनाऱ्यावर व्याकूळ प्रतीक्षा. गाथासप्तशतीशी परिचित असलेल्या मराठी अभ्यासकाला ही सृष्टी अनोळखी वाटणार नाही. जॉर्ज हार्ट यांनी १९७५मध्ये या दोन परंपरांतील साधर्म्याची विस्ताराने चर्चा केली आहे. मात्र महाराष्ट्री प्राकृतात निसर्ग सूचनेचे साधन म्हणून येतो. तमिळमध्ये त्या सूचनेचे शास्त्र झाले. यात 'पालै' विशेष लक्षणीय आहे. तोल्काप्पियम् तिला स्वतंत्र भूमी देत नाही. शिलप्पदिकारम् सांगते की उन्हाने मुल्लै व कुरिंजी आपला स्वभाव गमावतात तेव्हा त्यांचीच पालै होते. भूमी आपले रूप गमावू शकते, याची जाण या काव्यशास्त्राला होती.

अर्थात तिणै हा काव्यसंकेत आहे, क्षेत्रपाहणी नव्हे. तीत प्राणवायूचे मापन नाही, संख्याशास्त्र नाही. तिच्या आधारे प्राचीनांना आधुनिक परिसंस्थाविज्ञान अवगत होते असा दावा करणे म्हणजे काव्य आणि विज्ञान या दोहोंवर अन्याय करणे होय.

परंतु तिच्यामुळे उणीव नेमकी दाखवता येते. चेन्नईच्या दक्षिणेकडील पळ्ळिकरणै पाणथळीत सुमारे २५० चौरस किलोमीटर क्षेत्राचे पाणी उतरते आणि ओक्कियम् मडुवुमार्गे कोवळम्‌च्या खाडीकडे जाते. भराव, कचरा आणि इमारती यांनी ही पाणथळ आकसली. २०१५च्या महापुरात तिच्या परिसरातील वस्त्या पाण्याखाली गेल्या. २०२२मध्ये तिला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. भरावावरच्या घरात राहणाऱ्या विद्यार्थ्याला आभासी तळ्यातील मासे का मेले हे सांगता येईल. स्वतःच्या घरात पाणी का शिरले, हा प्रश्न मात्र त्या अभ्यासात येणारच नाही.

तमिळनाडूत २०१५पासून होणारी पोंगल पक्षिगणना या दृष्टीने एक पाऊल पुढे आहे. 'ईबर्ड'वरील तिच्या नोंदीत खरे स्थळ, खरी वेळ आणि प्रत्यक्ष दिसलेले पक्षी असतात. तिणैच्या परिभाषेत तेथे मुदल् आणि करु आले. उरि, म्हणजे त्या भूमीवर माणूस कसा वागला, याचा रकाना अद्याप रिकामा आहे. तो भरणारे साधन घडवताना संगणकतज्ज्ञ आणि जीवशास्त्रज्ञ यांच्याबरोबर साहित्याच्या अभ्यासकाचीही गरज लागेल. कारण वर्तनाचा भूमीशी असलेला संबंध वाचणे हे त्याचेच काम आहे.