निजाम-पेशव्यांचा अर्धा इतिहास

निजाम आणि पेशवे यांच्या झगड्यावर मराठीत भरपूर लिहिले गेले, पण दोन्हीकडचे कागद समोर ठेवून लिहिलेले फार थोडे. १७६३ सालच घ्या. निजाम अलीने पुणे लुटले, खंडणी न देणारी घरे पाडली, जाळली. सिंहगडाकडे पळालेल्यांच्या मागे गेलेल्या त्याच्या फौजेने गडाखालच्या गावालाही आग लावली, आणि तीत मराठ्यांच्या इतिहासाची कितीतरी हस्तलिखिते खाक झाली, असे इतिहासकार ग्रँट डफ सांगतो. हे आपल्याला तोंडपाठ. त्याच मोहिमेत माधवराव पेशवे आणि त्यांचे काका राघोबादादा भागानगरच्या (हैदराबादच्या) वेशीपर्यंत जाऊन खंडणी उकळत होते, ते मात्र एका वाक्यात उरकते. नागपूरचे जानोजी भोसले तर पुणे लुटताना निजामाच्याच गोटात होते! १० ऑगस्टला राक्षसभुवनावर पडलेला निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर हा ब्राह्मण. त्याला खलनायक ठरवले की पुढचे प्रश्न टळतात.

खर्ड्याचेही तेच. ११ मार्च १७९५ ची लढाई, निजामाने किल्ल्याचा घेतलेला आसरा, निजामाचा दिवाण मुशीरुल्मुल्क याला ओलीस धरून पुण्यास आणणे; बहुतेक लेखक इथेच नगारे वाजवून थांबतात. सवाई माधवराव गेल्यावर वारसाच्या भांडणात नाना फडणविसांना निजामाची गरज पडली, मुशीरुल्मुल्क सुटला आणि खर्ड्यानंतरच्या तहाची कलमे पातळ झाली. जिंकलेले कसे निसटले, हा खरा विषय. त्यावर पाने कमी.

दप्तरांची कथा तर याहून गुंतागुंतीची. निजामाचे ‘दफ्तर-ए-दिवानी’ पिढ्यान्‌पिढ्या रायरायान या मराठी ब्राह्मण घराण्याच्या ताब्यात होते, ‘दफ्तर-ए-माल’ मालवाला कायस्थांकडे. त्या दरबाराचे बरेच कागद आज हैदराबादेत तार्नाक्याच्या अभिलेखागारात आहेत. इकडे इतिहासकार सरदेसायांनी पेशवे दप्तरातले निवडक कागद ४५ खंडांत छापले. पेशव्यांचे हैदराबादचे वकील गोविंदराव काळे यांची पत्रेही छापील मिळतात. निजामाच्या दरबारात काय शिजते आहे, हे त्यांतून कळते. अर्थात कळते ते पुण्याच्या वकिलाला दिसले तेवढेच; त्याच घटनेची फारसी नोंद शेजारी ठेवल्याखेरीज ते तपासता येत नाही.

त्र्यं. शं. शेजवलकरांचे ‘निजाम-पेशवे संबंध’ म्हणूनच अजून टिकून आहे. तो माणूस पेशव्यांचीही भीड ठेवत नाही. सेतुमाधवराव पगडी हैदराबाद संस्थानच्या नोकरीत वाढलेले. फारसी साधने त्यांनी मराठीत आणली आणि मराठी अभ्यासकांना निम्मे दार उघडून दिले. त्यांच्यानंतर ते दार कोणी फारसे ढकलले नाही. कादंबऱ्या आणि चित्रपट तर विजयाच्या तारखांवरच पोसतात. त्यांना दोष काय द्यायचा, अभ्यासकांनीच दुसरे काही पुरवले नाही.

पेशवे दप्तराची मोडी लिपी वाचणारे अजून तयार होताहेत. वर्ग भरतात, परीक्षा होतात. त्यांतल्या दोघाचौघांनी फारसी शिकावी आणि तार्नाक्याचा रस्ता धरावा.