दुकानातील चोरी आणि किशोर : एका वर्गीकरणाची चिकित्सा

अल्पवयीन मुलाने दुकानातून वस्तू उचलल्यास कायदा त्याच्याशी मृदुतेने वागतो, असा सार्वत्रिक समज आहे. तो बहुतांशी खराही आहे. मुंबई प्रांतात 1924 साली मुलांसाठी स्वतंत्र अधिनियम झाला. दंडापेक्षा सुधारणा श्रेष्ठ, हे त्यातील तत्त्व 2015 च्या बाल न्याय अधिनियमाने पुढे नेले. अठरा वर्षांखालील मुलाला पोलीस कोठडीत ठेवता येत नाही. प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांत त्याला बाल न्याय मंडळापुढे नेले पाहिजे. त्याचे नाव प्रसिद्ध करता येत नाही. तथापि या मृदुतेची मात्रा ज्या निकषावर ठरते, तो निकषच सदोष आहे.

ज्या अपराधास जास्तीत जास्त तीन वर्षे कारावास सांगितला आहे, तो अधिनियमाच्या मते किरकोळ होय. किरकोळ अपराधाची चौकशी चार महिन्यांत, आणि वाढीव दोन महिन्यांतही, पुरी न झाल्यास कार्यवाही आपोआप संपुष्टात येते. भारतीय न्याय संहितेच्या कलम 303 खालील साधी चोरी या वर्गात पडते. परंतु मालमत्ता सुरक्षित ठेवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या इमारतीतील चोरीस कलम 305 ने सात वर्षांपर्यंत कारावास सांगितला आहे. आणि दुकान म्हणजे अशी इमारत, असा अर्थ सहज लावता येतो.

डहाणू तालुक्यातील वाणगावचे उदाहरण कल्पावे. पंधरा वर्षांच्या मुलाने तेथील बाजारात हातगाडीवरून वीस रुपयांचे पेन उचलले, तर अपराध किरकोळ. तेच पेन शेजारच्या दुकानातील फळीवरून उचलले, तर कलम 305 लागताच तो किरकोळ राहत नाही. वस्तू तीच, वय तेच, हेतूही तोच. बदलले ते केवळ छप्पर.

हा भेद 1860 च्या भारतीय दंड संहितेतून जसाच्या तसा उतरला आहे. वखार किंवा कोठार फोडणाऱ्याविरुद्ध तो समर्थनीय होता. आजच्या दुकानात मात्र माल गिऱ्हाइकाने स्वतः हाताळावा म्हणूनच उघडा मांडलेला असतो. तेथे रक्षणापेक्षा प्रदर्शन अधिक.

यावर आक्षेप असा, की दोन्ही प्रसंगी मंडळ मुलाला समज देऊन घरी पाठवू शकते. मग वर्गीकरणाने काय बिघडते? आक्षेप अगदीच निराधार नाही. परंतु आदेश होण्यापूर्वीची चौकशी हाही एक दंडच असतो. वाडीवर किंवा तारापूरच्या कारखान्यात रोजावर जाणाऱ्या आईबापांना जिल्ह्याच्या मंडळापुढील प्रत्येक तारीख एका दिवसाच्या मजुरीला पडते. किरकोळ अपराधात त्या तारखांना कायद्याने अंत आहे. अन्यत्र तशी शाश्वती नाही.

विसंगती अधिक ठळक होते ती प्रौढांच्या कायद्याशी तुलना केल्यावर. 1 जुलै 2024 पासून अमलात आलेल्या संहितेच्या कलम 303 मधील परंतुकानुसार पाच हजार रुपयांहून कमी किमतीची वस्तू प्रथमच चोरणाऱ्याने ती परत केल्यास त्याला समाजसेवेची शिक्षा होते. म्हणजे प्रौढाच्या साध्या चोरीत किंमत, पूर्वेतिहास आणि परतफेड विचारात घेतली जाते. मुलाचा अपराध किरकोळ की नाही, हे ठरविताना मात्र यांतील एकही गोष्ट पाहिली जात नाही. मुलासाठी निर्माण झालेल्या कायद्याने मुलाकडे पाहण्याऐवजी शिक्षेच्या कोष्टकाकडे पाहावे, हे त्याच्या मूळ तत्त्वाशीच विसंगत आहे.