अभिकर्ता, स्वायत्त संगणकीय

नेमून दिलेले उद्दिष्ट साधण्यासाठी परिस्थितीचे अवलोकन करून कृतीची निवड स्वतः करणारी संगणक आज्ञावली. मायकेल वूल्ड्रिज व निकोलस जेनिंग्ज यांनी १९९५ मध्ये स्वायत्तता, प्रतिसादक्षमता, पुढाकार आणि इतर अभिकर्त्यांशी व्यवहार करण्याची क्षमता ही तिची चार लक्षणे मांडली.

या विषयातील संशोधनात दोन प्रमुख विचारसरणी आढळतात. तत्त्वज्ञ मायकेल ब्रॅटमन यांच्या १९८७ मधील विवेचनाचा आधार घेऊन आनंद राव व मायकेल जॉर्जेफ यांनी धारणा, इच्छा व संकल्प यांवर आधारलेले तर्कशास्त्रीय प्रारूप मांडले (१९९१). याउलट रॉडनी ब्रुक्स यांनी यंत्रमानवांसाठी साध्या वर्तनांच्या थरांची रचना सुचविली (१९८६). पहिल्या पद्धतीत निर्णयामागील कारणे स्पष्ट असतात, मात्र विचार करण्यात वेळ जातो. दुसरीत तत्परता असते, परंतु दूरवरची योजना आखणे कठीण जाते. त्यामुळे प्रत्यक्ष उपयोगात बहुधा दोहोंचा मेळ घातला जातो.

उपयोजनाचे महत्त्वाचे उदाहरण म्हणजे अमेरिकेच्या नासा या संस्थेच्या ‘डीप स्पेस-१’ यानावरील ‘रिमोट एजंट’ ही आज्ञावली. मे १९९९ मध्ये तिने यानावरच योजना आखल्या, त्या अंमलात आणल्या व मुद्दाम कल्पिलेल्या बिघाडांचे निदान केले. तथापि प्रयोग चालू असताना तिच्यातील दोन समांतर प्रक्रिया परस्परांची वाट पाहत अडकल्या आणि पृथ्वीवरील अभियंत्यांना हस्तक्षेप करावा लागला. उड्डाणापूर्वीच्या चाचण्यांत हा दोष आढळला नव्हता. प्रयोगाची उद्दिष्टे पुढे पूर्ण झाली. परंतु स्वतः निर्णय घेणाऱ्या आज्ञावलीच्या सर्व संभाव्य वर्तनांची आगाऊ पारख करणे किती अवघड आहे, हे त्यातून दिसून आले.

अनेक आज्ञावली एकत्र आल्या की ही अडचण वाढते. ६ मे २०१० रोजी अमेरिकेच्या रोखेबाजारात भाव काही मिनिटांत कोसळले व लगेच बऱ्याच अंशी सावरले. स्वयंचलित व्यवहारांनी ही घसरण तीव्र केली. प्रत्येक आज्ञावली आपल्या नियमांनुसार वागली, तरी एकत्रित परिणाम कोणीही योजलेला नव्हता.

२०२२ नंतर भाषिक प्रारूपांवर आधारलेले अभिकर्ते प्रचारात आले. त्यांना नैसर्गिक भाषेत काम सांगता येते. परंतु वाचावयास दिलेल्या मजकुरात दडविलेली सूचनाही ते आज्ञा समजून पाळण्याचा धोका असतो. या क्षेत्रातील लेखनात निर्णयस्वातंत्र्याची व्याख्या जितक्या काटेकोरपणे झाली, तितका त्या निर्णयांच्या उत्तरदायित्वाचा विचार झालेला नाही. अभिकर्त्याला कोठे थांबवावयाचे व त्याच्या कृतीबद्दल कोणी उत्तर द्यावयाचे, हे आधी ठरविल्यावाचून त्याची स्वायत्तता उपयुक्त ठरत नाही.