आहू आणि भेकर

उर्दू शायरीत हरणांना तोटा नाही. आहू आहे, गझाल आहे, साधे हिरनही आहे. त्याच्या मागावर सय्याद आहे, सय्यादच्या हातात तीर किंवा दाम आहे. महबूबाचे डोळे आहूचे, तिचे बुजणे आहूचे. निजामी गंजवीने ११८८ साली फारसीत 'लैला मजनूं' लिहिले. त्यातला मजनू जाळ्यात सापडलेली हरणे शिकाऱ्याला मोबदला देऊन सोडवतो, कारण त्यांच्या डोळ्यांत त्याला लैलाचे डोळे दिसतात. आठशे वर्षे आमची शायरी या डोळ्यांतून बाहेर पडलेली नाही.

हे आम्ही वर्गात शिकवतो, आणि आवडीने शिकवतो. तरी एक प्रश्न मनात राहतो. हे हरीण कुठल्या रानातले? उत्तर उघड आहे. ते अरबस्तान-इराणच्या उघड्या मुलखातले आहे, जिथे नजर कोसभर जाते. हरीण दुरून दिसते, म्हणून त्याचे डोळे, त्याची मान, त्याची धाव हीच कवितेत आली. दोष कवींचा नाही. त्यांनी पाहिले ते लिहिले. पण त्यांच्यानंतर आम्ही कोकणात बसून तेच लिहीत राहिलो, याला काय म्हणावे?

रायगड जिल्ह्यात मुरूडच्या अलीकडे फणसाडचे रान आहे. डोंगर थेट समुद्राकडे उतरतो. ऐन, किंजळ, जांभूळ, अंजनी यांची दाटी, आणि त्यांवर हातभर लांब शेंगांच्या गारंबीच्या वेली. या रानात सांबर आहे, भेकर आहे, सशाएवढी पिसोरीही आहे. (पिसोरीला प्राणिशास्त्रवाले खरे हरीण मानत नाहीत, पण गावकऱ्यांनी त्यांना विचारलेले नाही.) इथे दहा-पंधरा पावलांपलीकडे जनावर दिसत नाही, ते ऐकावे लागते. भेकर कुत्र्यासारखे भुंकते. सांबर धोका दिसला की 'ढांक' करते. वाळलेल्या पानांवर खूर कसा वाजला यावरून जाणता माणूस जनावर ओळखतो.

वाऱ्याचा हिशेब तर त्याहून अवघड. दिवस तापला की वारा समुद्रावरून डोंगराकडे चढतो, रात्री डोंगरावरून समुद्राकडे उतरतो. पाणवठ्यावर, इथल्या भाषेत 'गाणी'वर, दबा धरून बसायचे तर कुठल्या प्रहरी कुठल्या अंगाला बसावे हे ठाऊक हवे, नाहीतर माणसाचा वास आधी पोचतो आणि जनावर फिरकत नाही. म्हणून अशा दाट रानात एकट्याची शिकार क्वचित. हाका घालायचा, रान उठवायचे, आणि बंदूकवाल्याने जनावराच्या वाटेवर थांबायचे.

हे रान जंजिऱ्याच्या सिद्दी नवाबांचे शिकारीचे राखीव रान होते. १९४८ साली संस्थान विलीन झाले, १९७२ च्या कायद्याने शिकार बंद झाली, १९८६ साली अभयारण्य जाहीर झाले. म्हणजे मुसलमान राजवटीने पिढ्यान्‌पिढ्या राखलेले किनाऱ्यावरचे रान, अवतीभवती मुसलमान वस्तीची गावे, घरोघर उर्दू शिकलेली माणसे, आणि या रानातल्या शिकारीवर नाव घ्यावे असे एक पुस्तक आमच्या वाचनात नाही.

नवाबांच्या शिकारीवर लिहिणे उर्दूला परके होते असे नाही. मीर तकी मीर १७८२ च्या सुमारास लखनौला आले आणि नवाब आसफुद्दौलाच्या शिकारीवर त्यांनी 'शिकारनामे' रचले. मीरविषयी आमच्या मनात जो आदर आहे तो ठेवूनच म्हणतो, हे शिकारनामे वाचताना जीव रमत नाही. गजलेत ज्याने घायाळ जीवाचे दुःख सांगितले तोच इथे जनावरांचे ढीग मोजतो, कारण मोजणाऱ्याची नजर मालकाच्या हत्तीवर आहे. हाका घालणारा माणूस तिथे गर्दीपुरता. फणसाडविषयी कुणी असा शिकारनामा लिहिला असता तरी आम्हाला हवे ते त्यात मिळाले नसतेच.

दुसरी परंपरा करुणेची. सबुक्तगीन पाडस पकडतो, हरिणी मागोमाग येते, त्याला दया येते, तो पाडस सोडतो. बैहकीच्या इतिहासात आलेली ही गोष्ट लहानपणी कुणी ऐकली नाही? मिलादच्या मजलिसीत हरिणीचा मोजिजा सांगतात, पाडसांना दूध पाजून परत येण्याचे वचन देणाऱ्या हरिणीचा. त्या रिवायतीच्या प्रामाण्याबद्दल हदीसच्या जाणकारांनी शंका घेतल्या आहेत. तरी ऐकताना बायाबापड्यांचे डोळे भरतात, हे खरे. इथे हरीण निदान आई आहे, कुणाच्या डोळ्यांची उपमा नाही. मात्र रान इथेही नाही.

रान सापडते ते अनपेक्षित ठिकाणी, जिम कॉर्बेटच्या उर्दू तर्जुम्यांत. कॉर्बेट वाघाचा माग काढतो तो बराचसा कानाने, सांबर आणि काकड यांच्या हाकांवरून. त्याचे काकड म्हणजेच आमचे भेकर. आमच्या वर्गातल्या एका मुलाने कॉर्बेट दोनदा वाचला होता. घरामागे रात्री भुंकते ते हेच, हे त्याला कुणी सांगितलेले नव्हते.

मराठीत हे काम झाले. व्यंकटेश माडगूळकर स्वतः शिकारी होते, आणि बंदूक ठेवल्यावरही शिकाऱ्याचा कान त्यांनी ठेवला. 'नागझिरा' वाचताना ते कळते. मारुती चितमपल्लींनी रानातल्या माणसांकडून शब्द गोळा करून ग्रंथांत आणले. २०२५ साली ते गेले. पण हे रान बहुतेक विदर्भाचे. हमीद दलवाईंच्या 'इंधन'मध्ये कोकण आहे, मुसलमान आहेत, पण कादंबरीचा रोख माणसामाणसांतल्या जाळावर आहे आणि तो तसाच असायला हवा होता. १९९० च्या सोलापूरच्या पहिल्या संमेलनापासून आमच्या लेखकांनी मोहल्ला लिहिला, तलाक लिहिला, दंगल लिहिली. मोहल्ल्यामागचा डोंगर राहून गेला.

त्या डोंगरात काय आहे ते एका विद्यार्थ्याच्या आजोबांकडून ऐकले. त्यांचे वडील हाक्याला जात, कातकऱ्यांच्या बरोबरीने. त्यांचे काम सुरीचे. गोळी लागलेले जनावर जाळीत शिरते. ते गतप्राण होण्याआधी गाठून बिस्मिल्लाह म्हणून जबह करायचे. गोळीने जागीच मेलेले हलाल की नाही यावर उलेमांत मतभेद आहेत, म्हणून हा माणूस काट्यांतून सर्वांच्या पुढे धावे. एकदा भेकराची मादी सापडली, तिच्या कासेत दूध होते. सुरी फिरवली, पण आपला वाटा घरी आणला नाही. का, ते सांगितले नाही. मिलादमधली हरिणी त्यांना आठवली असेल काय? आजोबा म्हणाले, "बापाने फक्त सुरी धुतली."

एवढ्यात मजनूही आहे, सबुक्तगीनही आहे, आणि रानही आहे.

त्या मुलाला हे उर्दूत लिहायला सांगितले. त्याने लिहिले, पण 'गाण'चे 'गान' झाले, 'माळ'चा 'माल' झाला. उर्दू लिपीत ण नाही, ळ नाही. मग आम्ही त्याला तेच मराठीत लिहायला सांगितले. तीन पाने झाली आहेत, शुद्धलेखनाच्या पुष्कळ चुका आहेत, आणि गाणीवर जनावर अजून यायचे आहे.