टीम चांगली होती, हे कुणी सांगितलं?

परवा एका ज्युनिअरने सिनॉप्सिसचा कच्चा मसुदा वाचायला पाठवला. विषय होता, तयार कपड्यांच्या उद्योगातल्या प्रॉडक्ट डेव्हलपमेंट टीम कशामुळे परिणामकारक होतात. गृहीतकं पाच : संवाद, विश्वास, नेतृत्व, वेगवेगळ्या विभागांचा सहभाग आणि तंत्रज्ञान. या प्रत्येकाचा परिणामकारकतेशी सकारात्मक संबंध आहे, असं सिद्ध करायचं. साधन, पाच बिंदूंची लिकर्ट प्रश्नावली. पहिल्याच पानावर झाराचं उदाहरण. मसुदा वाचून हसू वगैरे आलं नाही, कारण माझा स्वतःचा पहिला मसुदा जवळजवळ असाच होता. तो का टिकला नाही, ते आज सांगते. तुम्ही पीएच.डी.ची तयारी करत असाल तर तुमचं एक वर्ष वाचेल.

आधी विषय थोडक्यात समजून घ्या. दुकानात टांगलेला शर्ट थेट शिवला जात नाही. डिझायनर चित्र काढतो, त्याचा टेक पॅक होतो, म्हणजे मापं, कापड, शिलाई, बटणं यांचा लेखी तपशील. त्यावरून पॅटर्न कापून पहिलं सॅम्पल होतं. मग फिटचं सॅम्पल, मग साइझ सेट, मग उत्पादनाआधीचं शेवटचं सॅम्पल. प्रत्येक टप्प्यावर बायरच्या कॉमेंट्स येतात आणि कपडा परत टेबलावर येतो. डिझायनर, मर्चंडायझर, कापड आणणारे, पॅटर्न मास्टर, सॅम्पल शिवणारे कारागीर हे सगळे त्यात असतात. हंगाम ठरलेला असतो, त्यामुळे इथे गेलेला आठवडा पुढे कुणीतरी भरून काढावाच लागतो. प्रश्न महत्त्वाचा आहे, यात शंका नाही.

झाराची खोली

या विषयावरच्या बहुतेक प्रबंधांत एक लेख असतोच. कसरा फर्डोज, मायकेल लुईस आणि होसे माचुका यांनी नोव्हेंबर २००४च्या हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये लिहिलेला, झाराच्या पुरवठा साखळीवरचा. स्पेनमधल्या ला कोरुन्या इथल्या मुख्यालयात बायकांचे, पुरुषांचे आणि मुलांचे कपडे अशी तीन दालनं आहेत, आणि प्रत्येक दालनात डिझायनर, बाजारपेठेचे जाणकार आणि खरेदी-उत्पादनाचं नियोजन करणारे एकत्र बसतात, असं त्यात वर्णन आहे. नवा कपडा कल्पनेपासून दुकानापर्यंत १५ दिवसांत पोचू शकतो, हा त्यातला सगळ्यांना पाठ असलेला आकडा.

आपण काय करतो? ती खोली आणि हे १५ दिवस यांच्यामध्ये बाण काढतो. एकत्र बसलं की वेग येतो. झालं गृहीतक.

लेख नीट वाचलात तर लेखकांनी फक्त हाच बाण काढलेला नाही. त्यांनी तीन गोष्टी एकत्र मांडल्या आहेत : दुकानापासून डिझायनरपर्यंत माहितीची साखळी बंद करणं, संपूर्ण साखळीला एक ठरलेली लय देणं, आणि लवचीकपणासाठी स्वतःचे पैसे यंत्रणेत गुंतवणं. झारा तेव्हा जवळजवळ अर्धा माल स्वतःच्या कारखान्यांत करत होती. बरंच कापड न रंगवता घेऊन ठेवत होती, म्हणजे हंगामाच्या मध्यावर रंग बदलता यावा. दुकानांना आठवड्यातून दोनदा माल जात होता. खोलीत दहा मिनिटांत निर्णय झाला तरी कापड रंगायला महिना लागणार असेल, तर त्या दहा मिनिटांचं काय करायचं? आपल्या सिनॉप्सिसमध्ये मात्र यातली फक्त खोली उरते, कारण खोलीबद्दल प्रश्नावली काढता येते. न रंगवलेल्या कापडाच्या साठ्याला पाच बिंदूंत कसं बसवणार?

शिवाय हे एका यशस्वी कंपनीचं वर्णन आहे. तशीच एकत्र बसणारी आणि तरीही मागे पडलेली कंपनी शोधायला आपण गेलोच नाही. एका विजेत्याकडे बघून विजयाचं कारण सांगता येत नाही, हे आपण सायन्सवाले प्रयोगशाळेत लगेच मान्य करतो. कंट्रोल कुठे आहे, असं विचारतो. विषय माणसांचा आला की विसरतो.

उत्तर आधी कळलं की

आता प्रश्नावलीकडे येऊ. इथे मला हादरवणारा प्रयोग जुना आहे. बॅरी स्टॉ यांनी १९७५ साली तो प्रसिद्ध केला. तीन-तीन जणांच्या गटांना एका कंपनीची आर्थिक माहिती देऊन पुढच्या विक्रीचा आणि कमाईचा अंदाज करायला सांगितलं. नंतर काही गटांना ‘तुमचं काम उत्तम झालं’ असं सांगितलं, काहींना ‘वाईट झालं’ असं. खरी गंमत अशी की कुणाला काय सांगायचं ते कामावरून नव्हे, यदृच्छेने ठरलं होतं. मग प्रत्येकाला आपल्या गटाबद्दल विचारलं. ‘उत्तम’ ऐकलेल्यांना आपल्या गटात एकोपा जास्त, संवाद चांगला, प्रेरणा भरपूर दिसली. ‘वाईट’ ऐकलेल्यांना हे सगळं कमी दिसलं.

थोडं थांबून विचार करा. ज्या संवादाला आपण यशाचं कारण म्हणतो, त्याच्याबद्दलचं मत यशाची बातमी ऐकून तयार होतं. म्हणजे हंगाम चांगला गेलेल्या मर्चंडायझरला तुम्ही विचारलंत, ‘तुमच्या टीममध्ये संवाद खुला आहे का?’, तर ती ‘पूर्णपणे सहमत’वर खूण करणारच. ती खोटं बोलत नसते. तिला खरंच तसं आठवतं. आणि पुढच्याच पानावर तिलाच विचारता, ‘तुमची टीम परिणामकारक आहे का?’ दोन्ही उत्तरं एकाच माणसाची, एकाच बैठकीतली, एकाच मनःस्थितीतली. त्यांच्यात सहसंबंध आला नसता तरच नवल.

माझ्या पायलटमध्ये तो छान आला होता. क्रॉनबाखचा अल्फाही झकास. मी खूश होते. परीक्षकांसाठी हार्मनची एक-घटक चाचणीही करून ठेवली होती, कारण सगळेच करतात. मग पॉडसाकॉफ आणि सहकाऱ्यांचा २००३चा आढावा वाचला. ही चाचणी अशा सामाईक पूर्वग्रहावर काहीही उपाय करत नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. ताप मोजला म्हणून ताप उतरत नाही, आणि इथे तर थर्मामीटरही भरवशाचा नाही.

मास्तरांना धरलंत का?

दुसरा धक्का प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी बसला. एका निर्यात करणाऱ्या युनिटमध्ये प्रश्नावली भरून घेत होते. एका वयस्क मर्चंडायझर बाईंनी कागद परत देताना विचारलं, “अहो, टीम टीम लिहिलंय सगळीकडे, पण यात आमच्या मास्तरांना धरलंत का?” मी नव्हतं धरलं. पॅटर्न मास्टर कंपनीच्या तक्त्यात ‘प्रॉडक्ट डेव्हलपमेंट’खाली नव्हते, ‘सॅम्पलिंग’खाली होते. इंग्रजी प्रश्नावली त्यांनी भरलीही नसती. पण बायरची ‘खांद्यात ओढतंय’ ही कॉमेंट नक्की कुठल्या रेषेत पाव इंच सोडून मिटवायची, हे तिथे त्यांनाच ठाऊक होतं. कपडा चौथ्यांदा जायचा की दुसऱ्यांदाच पास व्हायचा, ते त्यांच्या टेबलावर ठरत होतं.

घरी येऊन झाराचा लेख पुन्हा काढला. त्यात एक वाक्य आहे, जे मी आधी ओलांडून गेले होते : प्रत्येक दालनाच्या कोपऱ्यात नमुने शिवण्याची छोटी जागा होती, म्हणजे कपडा घडत असतानाच सगळे त्यावर बोलू शकत. कारागीर त्या खोलीत होते! आपल्या प्रबंधांतून तेवढेच बाहेर राहतात. आणि जिथे डिझायनर एका देशात, सॅम्पल शिवणारे दुसऱ्या देशात, तिथे टीम एका कंपनीच्या भिंतीत मावतच नाही. मग ‘टीममधला विश्वास’ म्हणजे नक्की कुणाचा कुणावर?

डेबोरा अँकोना आणि डेव्हिड कॉल्डवेल यांचा १९९२चा अभ्यास इथे उपयोगी पडतो. त्यांनी उच्च तंत्रज्ञानाच्या पाच कंपन्यांतल्या ४५ नव्या उत्पादनांच्या टीम पाहिल्या. टीम बाहेरच्यांशी किती बोलते यापेक्षा कशासाठी बोलते, यावर कामगिरी अवलंबून दिसली. हा अभ्यास कपड्यांचा नाही आणि काही आठवड्यांत संपणाऱ्या कामाला तो जसाच्या तसा लावू नका. पण नजर टीमच्या आतून बाहेर वळवायला तो शिकवतो.

मग करायचं काय?

प्रश्नावली फेकून द्या, असं मी म्हणत नाही. समाधान, विश्वास या गोष्टी माणसांनाच विचाराव्या लागतात. रिचर्ड हॅकमन यांनी परिणामकारकतेचे तीन निकष सांगितले होते : काम घेणाऱ्याला ते पसंत पडणं, पुढेही एकत्र काम करण्याची ताकद टिकणं, आणि सदस्यांना त्यातून काही मिळणं. यातले शेवटचे दोन टीमला विचारा. पहिला मात्र टीमला विचारू नका. तो काम घेणाऱ्याकडून किंवा नोंदींतून घ्या. कॉमेंट्सच्या मेल, सॅम्पलच्या तारखा, टेक पॅकच्या आवृत्त्या यांत तो पडलेला असतो.

पण नोंदींवरही आंधळा विश्वास नको. कमी फेऱ्या म्हणजे चांगली टीम, असं म्हणालात की फसलात. साधा टी-शर्ट आणि अस्तर लावलेलं जॅकेट यांच्या फेऱ्यांची तुलना होत नाही. नवा बायर जास्त कॉमेंट्स देतो. आणि मागच्या वर्षीचाच शर्ट कॉलर बदलून पाठवणाऱ्या टीमच्या फेऱ्या सगळ्यात कमी असतील. म्हणून एकाच प्रकारचा कपडा, एकाच बायरचं काम अशी तुलना करा. नमुना लहान होईल. गाइड म्हणतील, एन कमी आहे. तेव्हा त्यांना स्टॉ यांचा प्रयोग दाखवा.

मला याची किंमत द्यावी लागली. भरून आलेल्या प्रश्नावल्यांचा गठ्ठा पायलट म्हणूनच राहिला आणि आराखडा नव्याने लिहावा लागला. तेव्हा वाईट वाटलं. आता वाटतं, बाईंनी तो प्रश्न व्हायव्हात नाही, आधीच विचारला हे बरंच झालं.

ज्युनिअरचा मसुदा परत पाठवताना मी समासात दोनच प्रश्न लिहिले : टीममध्ये कोण कोण, हे कुणी ठरवलं? आणि टीम चांगली होती, हे कुणी सांगितलं? तुमच्याही सिनॉप्सिसवर हे दोन लिहून बघा. दोन्हींचं उत्तर ‘प्रश्नावली भरणाऱ्यानेच’ असं येत असेल, तर अजून छापायला देऊ नका.