साम्य, संकेत आणि नकाशा : व्हॉयनिच हस्तलिखितातील नऊ वर्तुळे

‘नकाशावाचन’ हा शालेय भूगोलातील परिचित शब्द एका मूलभूत गृहीतकावर उभा आहे. नकाशा ही प्रदेशाची प्रतिकृती नसून चिन्हांची संहिता आहे आणि ती वाचण्यासाठी चिन्हसूची हाताशी असावी लागते, हे ते गृहीतक होय. चिन्हसूची नाहीशी झाली, सोबतचे लेखन अगम्य राहिले आणि कर्ताही अज्ञात असला, तर नकाशाचे काय उरते? हा प्रश्न केवळ पुराभिलेखाच्या अभ्यासकांचा नाही. अर्थनिर्णयनाच्या मर्यादा कोठे सुरू होतात, या समीक्षेच्या कळीच्या प्रश्नाचेच ते एक टोकाचे रूप आहे.

येल विद्यापीठाच्या बायनेकी ग्रंथालयात ‘एमएस ४०८’ या क्रमांकाने जतन केलेले व्हॉयनिच हस्तलिखित हे अशा स्थितीचे ठळक उदाहरण होय. ग्रंथविक्रेते विल्फ्रिड व्हॉयनिच यांनी १९१२ साली रोमजवळील फ्रास्काती येथील जेझुइटांच्या संग्रहातून ते मिळवले. २००९ साली झालेल्या कार्बन-चाचणीने त्याचे चर्मपत्र १४०४ ते १४३८ या काळातील असल्याचे दाखवले. त्याची लिपी इतरत्र कोठेही आढळलेली नाही आणि तिचे सर्वमान्य वाचन आजवर झालेले नाही. वनस्पती, राशिचक्रे, स्नान करणाऱ्या स्त्रिया अशा चित्रांच्या मालिकेत सहा पानांएवढा उलगडणारा एक पट येतो. त्यावर तीन ओळींत तीन-तीन अशी नऊ मोठी वर्तुळे आहेत आणि ती पट्ट्यांनी परस्परांना जोडलेली आहेत. वर उजवीकडच्या वर्तुळात तटबंदी आणि बुरूज असलेला किल्ला दिसतो. दोन विरुद्ध कोपऱ्यांत सूर्याकृती आहेत. वरच्या उजव्या कोपऱ्यात एक लहानसे विभागलेले वर्तुळ आहे.

या पटाला ‘नकाशा’ म्हणणे हेच त्याचे पहिले अर्थनिर्णयन आहे, ही गोष्ट बहुतेक भाष्यकारांच्या नजरेतून निसटते. एकदा नकाशा म्हटले की पट्टे रस्ते वा पूल होतात, वर्तुळे नगरे वा बेटे होतात आणि सूर्याकृती पूर्व-पश्चिम दाखवू लागतात. तोच पट विश्वरचनेची आकृती मानला, तर वर्तुळे गोल होतील आणि पट्टे प्रभावाच्या वाटा ठरतील. साहित्यप्रकाराची निवड वाचनाच्या आधी होते आणि मग वाचनातून ती सिद्ध झाल्यासारखी भासते. हे चक्र ललित साहित्याच्या समीक्षेतही चालते. तेथे मात्र भाषा ज्ञात असल्याने संहिता चुकीच्या वाचनाला कोठेतरी अडवते. येथे अडवणारे काही नाही. प्रतिमेचे तरंगते अर्थ सोबतच्या शब्दांनी नांगरले जातात, असे रोलां बार्थ यांनी १९६४ साली दाखवून दिले होते. या पटावर वर्तुळांच्या कडांनी शब्द फिरतात, आकृतींना नामचिठ्ठ्याही आहेत. नांगर दिसतो, पण तो तळाला पोहोचत नाही.

चार्ल्स पर्स यांनी केलेला साम्यचिन्ह, दर्शकचिन्ह आणि संकेतचिन्ह हा भेद येथे उपयोगी पडतो. वाचकाला प्रथम विश्वासार्ह वाटते ते साम्यचिन्ह. किल्ला किल्ल्यासारखा दिसतो, त्याच्या तटावरील चऱ्या पाकोळीच्या शेपटीसारख्या दुभंगलेल्या आहेत, अशा चऱ्या उत्तर इटलीत विपुल आढळतात, म्हणून स्थळ उत्तर इटलीत शोधावे, असा हा युक्तिवाद आहे. पण साम्याचा पुरावा दिसतो तेवढा भक्कम नसतो. अशा चऱ्या इटलीबाहेरही बांधल्या गेल्या आणि मध्ययुगीन चित्रकार डोळ्यांसमोरील वास्तूइतकाच पूर्वसूरींच्या चित्रांवरून शिकत असे. किल्ल्याचे चित्र काढणाऱ्याला असा तट ठाऊक होता, एवढेच त्यावरून ठरते. त्याने अमुक किल्ला रेखाटला, हे ठरत नाही.

याउलट, कोपऱ्यातील विभागलेले वर्तुळ जगाशी कोणतेही साम्य दाखवत नाही. रोमन लिपीतील ‘ओ’ या अक्षरात ‘टी’ बसवावा तशी ती रचना आहे. सेव्हिलच्या इसिडोर यांच्या ग्रंथपरंपरेतून रूढ झालेली जगाची ही आकृती मध्ययुगीन युरोपात सर्वत्र ओळखीची होती. वरचा अर्धा भाग आशियाचा, खालचे दोन चतुर्थांश युरोप आणि आफ्रिकेचे, आणि पूर्व वरच्या बाजूला, असा तिचा रूढ संकेत होता. येथे दिसण्याचा आणि असण्याचा क्रम उलटतो. जे वास्तवासारखे दिसते ते पुरावा म्हणून दुबळे ठरते आणि जे सर्वस्वी सांकेतिक आहे ते सर्वांत भक्कम. कारण या आकृतीची चिन्हसूची हस्तलिखिताच्या बाहेर, शेकडो ग्रंथांत, सुरक्षित राहिली आहे. तरीही ती स्थळ सांगत नाही, परंपरा सांगते. कर्ता युरोपीय ज्ञानव्यवहाराच्या आत उभा होता, एवढीच तिची ग्वाही आहे. त्या वर्तुळातील विभागांना आशिया-युरोप म्हणता येते. शेजारच्या नऊ वर्तुळांना तसे काहीही म्हणता येत नाही.

हा भेद न पाळल्याने काय होते, याचा इतिहास या हस्तलिखिताच्या वाचनांतच लिहिलेला आहे. १९२१ साली विल्यम न्यूबोल्ड यांनी रॉजर बेकन हा कर्ता गृहीत धरून एका चक्राकृतीत देवयानी दीर्घिका पाहिली. अक्षरांतील सूक्ष्म रेषांत त्यांना गुप्त लघुलेखनही सापडले. त्या रेषा म्हणजे शाईला गेलेले तडे आहेत, हे जॉन मॅन्ली यांनी १९३१ साली दाखवले. १९४४ साली ह्यू ओनील यांनी एका वनस्पतीत अमेरिकेतील सूर्यफूल ओळखले आणि त्यामुळे ग्रंथ १४९३ नंतरचा ठरवला. पुढे चर्मपत्राच्या कालनिश्चितीने ही ओळख संशयास्पद केली. २०१९ साली जेरार्ड चेशायर यांनी या पटातच एका ज्वालामुखीच्या उद्रेकाची आणि बचावासाठी निघालेल्या जहाजाची कथा वाचली. मध्ययुगाच्या अभ्यासकांनी त्यांची भाषाविषयक मांडणी स्वीकारली नाही. तिन्ही वाचनांत विद्वत्तेची उणीव नव्हती, उणीव होती ती प्रतिकाराची. प्रत्येक वाचकाला आपण आणलेलेच परत मिळाले.

भारतीय काव्यशास्त्राच्या परिभाषेत हा दोष अधिक नेमकेपणाने सांगता येतो. अभिधा संकेतग्रहावर अवलंबून असते. शब्दाचा रूढ संकेत ठाऊक असेल तरच मुख्यार्थ कळतो, मुख्यार्थाचा बाध झाला तर लक्षणा प्रवृत्त होते आणि व्यंजनेचा विस्तारही याच पायावर उभा राहतो. मधले वर्तुळ म्हणजे स्वर्गीय जेरुसलेम, भोवतीची आठ म्हणजे आत्म्याचे टप्पे, असे एखाद्याने म्हटले, तर तो मुख्यार्थ ठाऊक नसताना लक्ष्यार्थ सांगत असतो. बाध कशाचा झाला, हेच त्याला दाखवता येणार नाही. असे वाचन चूक आहे, असेही सिद्ध करता येत नाही. खंडनाला जागाच न ठेवणारे वाचन ही समीक्षेतील मोठी आपत्ती होय. उम्बेर्तो एको यांनी १९९० च्या दशकाच्या प्रारंभी अतिरिक्त अर्थनिर्णयनाला मर्यादा घालताना संहितेच्या हेतूचा आधार घेतला होता. पण संहितेचा हेतू संहितेच्या अंतर्गत सुसंगतीतून ओळखायचा असतो, आणि जिची भाषाच कळत नाही तिची सुसंगती कशी तपासणार, हा पेच येथे शिल्लक राहतो.

भारतातील एक लिपिवाचन या पेचातून वाट दाखवते. जेम्स प्रिन्सेप यांनी १८३७ साली ब्राह्मी लिपी उलगडली, तेव्हा त्यांची नजर सांचीच्या स्तूपाच्या दगडी कठड्यांवरील छोट्या लेखांकडे गेली. अनेक लेखांच्या शेवटी तीच दोन अक्षरे येत होती. धर्मस्थळी भाविक काय कोरून ठेवतात, या रीतीच्या ज्ञानावरून त्यांनी तो शब्द ‘दानं’ असावा असे ताडले. तेथे किल्ली मिळाली ती स्थान, पुनरावृत्ती आणि व्यवहार यांच्या एकत्र विचारातून. अक्षर कशासारखे दिसते, या प्रश्नातून नव्हे. शिवाय ते अनुमान पुढच्या प्रत्येक लेखावर तपासता येत होते, त्याला प्रतिकार होऊ शकत होता.

नऊ वर्तुळांच्या बाबतीतही याच दिशेची, कमी आकर्षक पण अधिक जबाबदार कामे झाली आहेत. १९७६ साली प्रेस्कॉट करियर यांनी अक्षरांच्या वितरणावरून ग्रंथातील लेखनाचे दोन प्रकार वेगळे केले. २०२० साली लिसा फेगिन डेव्हिस यांनी अक्षरवळणावरून पाच लेखनिकांचे हात दाखवले. यांपैकी कोणीही अर्थ सांगत नाही. पण ग्रंथ अनेकांनी मिळून घडवला असेल, तर एकाकी विक्षिप्ताच्या खाजगी स्वप्नाची कल्पना मागे पडते. चिन्हांचा संकेत निदान काही जणांत तरी सामाईक होता, हे मान्य करावे लागते. पटावरील नामचिठ्ठ्या ग्रंथात अन्यत्र कोठे येतात, कोणत्या आकृती पुन्हा येतात, कोणते पट्टे समान आहेत, हे प्रश्न याच जातीचे आहेत.

जे. बी. हार्ली यांनी १९८८ साली नकाशातील मौनाकडे लक्ष वेधले होते. काय वगळले, यातून सत्ता बोलते, असे त्यांचे म्हणणे होते. व्हॉयनिचच्या पटावर मात्र मौनही वाचता येत नाही, कारण कोरी जागा म्हणजे समुद्र, अज्ञान की नुसती कोरी जागा, हे ठरवण्यासाठी आधी बोलणे कळावे लागते. वाचकाच्या स्वातंत्र्याचा गौरव करणाऱ्या समीक्षेने ही मर्यादा गांभीर्याने घ्यावयास हवी. वाचकाला सर्वाधिक स्वातंत्र्य देणारी संहिता समृद्ध असतेच असे नाही. ती केवळ बंद असू शकते. संदिग्धता हा अर्थांच्या गर्दीचा परिणाम असतो, अगम्यता हा संकेताच्या लोपाचा. या दोहोंत गल्लत झाली, की नकाशाच्या नावाखाली वाचक स्वतःचेच मन रेखाटू लागतो. तो पट कोणत्या प्रदेशाचा, याचे उत्तर आज नाही. तो कोणत्या प्रकारे वाचू नये, याचे उत्तर मात्र शंभर वर्षांच्या वाचनांनी पुरेसे स्पष्ट केले आहे.